स्थायी निवास, अमेरिकेतील
परकीय नागरिकास अमेरिकेत कायम राहण्याचा व काम करण्याचा मिळणारा कायदेशीर हक्क. त्याचे ओळखपत्र ‘ग्रीन कार्ड’ म्हणून परिचित आहे. मुंबई उपनगरात अंधेरी येथे १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र स्थापन झाले व तेथील संगणक व्यवसायातून अनेक तरुण अमेरिकेस गेले. १९९० च्या कायद्यान्वये सुरू झालेला ‘एच-१बी’ व्हिसा मालकाच्या अर्जावर, सामान्यतः एकूण सहा वर्षे मिळतो. नोकरीवर आधारित स्थायी निवासात कोणत्याही एका देशाचा वाटा साधारणतः ७ टक्क्यांपुरता मर्यादित असून तो नागरिकत्वावरून नव्हे, तर जन्मदेशावरून ठरतो. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची प्रतीक्षा अनेक वर्षे लांबते. स्थायी निवासाची पूर्वमंजुरी असल्यास व्हिसाची मुदत सहा वर्षांपुढेही वाढते. मुलांचे मात्र तसे नाही. बोरिवलीत जन्मून अमेरिकेतच शिकलेले मूल २१ वर्षांचे होताच आईवडिलांच्या अर्जातून वगळले जाऊ शकते. २००२ च्या कायद्याने वयगणनेत दिलेली सवलत दीर्घ प्रतीक्षेपुढे अपुरी पडते.