पट्टा, पारा आणि हाताची उंची

यवतमाळ जिल्ह्यातील एका शिक्षक-शिबिरात मी रक्तदाब मोजण्याचे यंत्र नेले होते. पन्नाशीच्या एका गुरुजींचा आकडा आला १६८/१०२. गोळी घेता का, असे विचारले. "घेत होतो. चार महिन्यांमागे १२८/८० निघाला, मग बंद केली."

यातली गफलत कळण्यासाठी आधी आकड्यांचा अर्थ पाहू. १२० म्हणजे पाऱ्याच्या १२० मिलिमीटर उंच स्तंभाइतका दाब. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून हाच दाब पाण्याचा सुमारे १६३ सेंटिमीटर उंच स्तंभ तोलून धरील. स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त आठ फुटांवर चढलेले पाहिले व ते १७३३ साली प्रसिद्ध केले. सुदैवाने १८९६ मध्ये रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला. १९०५ मध्ये कोरोटकॉफ यांनी त्याखाली स्टेथोस्कोप ठेवला. पट्ट्याचा दाब उतरताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब. ठोके विरतात तो खालचा, हृदय सैलावतानाचा.

आता गुरुजींकडे वळू. त्यांचा हात खाली लोंबत होता. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १५ सेंटिमीटर खाली असेल, तर मधल्या रक्तस्तंभाचे सुमारे १२ मिलिमीटर आकड्यात मिळतात. (हे गणित नववीच्या वर्गात जरूर करून घ्यावे.) शिवाय ते नुकतेच जिना चढून आले होते, तोंडात खर्राही होता आणि तंबाखूने दाब तात्पुरता वाढतो. चूळ भरायला लावून अर्धा तास थांबलो. मग पाठ टेकवून, हात टेबलावर ठेवून मोजले: १५४/९२. काही वाढ खोटी होती, पण सगळी नव्हे! वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही १४०/९० किंवा अधिक येत राहिला, तर तो उच्च रक्तदाबच.

तो १२८/८० गोळीमुळेच होता. एम्लोडिपिनसारखी गोळी धमनीच्या भिंतीतील स्नायू सैल करते. गोळी थांबली की काही दिवसांत परिणाम ओसरतो. दुखत-खुपत मात्र काही नाही, आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांची हानी चालू राहते. म्हणूनच शेजारच्या वर्ध्यासह पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत २०१७ पासून सुरू झालेल्या सरकारी उपक्रमात नव्या औषधांपेक्षा दरमहा गोळ्या मिळण्यावर आणि फेरतपासणीवर भर दिला गेला. मला तो योग्य वाटतो.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. त्यात लोणचे, पापड, ठेचा सगळे आले. गुरुजींनी एवढे ऐकून घेतले आणि विचारले, "मग खर्रा?"