अमेरिकेचा कायमचा परवाना : दोन वाटा आणि एक रांग



परदेशगमन हा विषय एके काळी आपल्याकडे प्रायश्चित्ताचा होता, पुढे तो कौतुकाचा झाला, आणि आता घरोघरच्या हिशेबाचा झाला आहे. कोणाचा मुलगा, कोणाची बहीण, कोणाचा भाचा अमेरिकेत आहे. आणि 'तिकडचे कागद आले का?' हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत जितक्या सहजतेने विचारला जातो, तितक्याच सहजतेने बँकेच्या रांगेतही. परंतु हे कागद कोणते, ते कोण काढतो, आणि त्यांना वीस-वीस वर्षे का लागतात, याविषयी ऐकीव माहिती फार आणि नेमकी माहिती थोडी. या अज्ञानाची किंमत अखेर कुटुंबालाच मोजावी लागते. म्हणून या विषयाची थोडी फोड करावी, असा विचार आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. सहलीचा, शिक्षणाचा किंवा ठराविक मुदतीच्या नोकरीचा व्हिसा म्हणजे पाहुण्याला दिलेला प्रवेश होय. ज्याला 'एच-१बी' म्हणतात तो नोकरीचा व्हिसाही याच जातीचा. तो प्रथम तीन वर्षांचा आणि सामान्यतः सहा वर्षांपर्यंत वाढणारा असतो. इमिग्रंट व्हिसा, म्हणजे स्थलांतराचा परवाना, हा मात्र घरातल्या माणसाचा प्रवेश आहे. तो घेऊन अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवले की मनुष्य तेथील कायमचा रहिवासी ठरतो आणि त्याला ग्रीन कार्ड मिळते. नागरिकत्व ही त्यापुढची, आणखी काही वर्षांनंतरची पायरी.

हा दरवाजा भारतीयांना सदैव उघडा नव्हता. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी झाली, तीत हिंदुस्थान होता. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्वाचा अधिकार नाही, असा निर्णय दिला. आणि मग ज्यांना नागरिकत्व आधीच मिळाले होते त्यांचेही काढून घेण्याची मोहीम निघाली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच पाळी आली. पण ते स्वतःचा खटला लढले आणि जिंकले. १९४६ मध्ये कायदा बदलून भारताला वर्षाकाठी अवघ्या १०० जागा मिळाल्या. खरा बदल घडला तो १९६५ च्या कायद्याने. त्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडून नातेसंबंध आणि कामाचे कौशल्य ही दोन प्रमुख कारणे मान्य केली. आजच्या संख्या प्रामुख्याने १९९० च्या कायद्याने ठरलेल्या आहेत.

आता पहिली वाट, नात्याची. येथे कायद्याने नातलगांचे दोन थर केले आहेत. अमेरिकन नागरिकाचा पती वा पत्नी, त्याची एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले, आणि नागरिक स्वतः एकवीस वर्षांचा झाला असल्यास त्याचे आईवडील, हा जवळच्या नातलगांचा थर. यांना संख्येची मर्यादा नाही. कागद तपासण्यास लागेल तेवढाच वेळ. परंतु एक बारकावा असा की, आईसाठी व वडिलांसाठी निरनिराळा अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जात त्यांचे दुसरे लहान अपत्य बसत नाही. 'आईबाबांबरोबर धाकटीलाही नेऊ' असे ठरवणाऱ्या घरांची येथेच निराशा होते.

दुसऱ्या थराला मर्यादा आहे. यासाठी वर्षाला किमान २,२६,००० व्हिसा ठेवलेले आहेत आणि त्यांचे चार वर्ग आहेत. नागरिकाची एकवीस वर्षांवरील अविवाहित मुले हा पहिला. कायमच्या रहिवाशाची पत्नी वा पती आणि त्याची अविवाहित मुले हा दुसरा. नागरिकाची विवाहित मुले हा तिसरा; आणि नागरिकाची भावंडे हा चौथा. चौथ्या वर्गाला वर्षाला ६५,००० जागा आहेत, आणि त्यांतच भावंडांची पती-पत्नी व मुलेही मोजली जातात. काका, मामा, आजी-आजोबा, भाचे यांच्यासाठी अर्ज करण्याची सोयच कायद्यात नाही. आपल्या एकत्र कुटुंबाच्या कल्पनेला हे विचित्र वाटेल. पण कायद्याचे कुटुंब आपल्या कुटुंबाहून लहान आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरी वाट कामाची. हिच्यासाठी वर्षाला सुमारे १,४०,००० व्हिसा असून त्यांचे पाच वर्ग आहेत. पहिल्यात असामान्य गुणवत्तेची माणसे, नामांकित संशोधक आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी येतात. दुसऱ्यात उच्च पदवीधर, तिसऱ्यात पदवीधर, कुशल कारागीर व इतर कामगार. चौथा धर्मोपदेशकांसारख्या विशेष मंडळींचा आणि पाचवा मोठे भांडवल गुंतवणाऱ्यांचा. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गात बहुधा मालकाने आधी अमेरिकेच्या मजूर खात्याकडून दाखला मिळवावा लागतो. प्रचलित वेतन देऊ करून जाहिरात दिली, तरी त्या जागेसाठी लायक आणि तयार असा अमेरिकन मनुष्य मिळाला नाही, हे त्याने दाखवायचे असते. या दाखल्याचा आणि त्यासाठी मालकाने नेमलेल्या वकिलाचा खर्च मालकानेच सोसावा, असा २००७ पासून नियम आहे. म्हणून 'तुमच्या ग्रीन कार्डाच्या लेबर सर्टिफिकेटासाठी इतके लाख भरा' असे कोणी म्हणाला, तर तेथेच सावध व्हावे. तसेच अमेरिकेच्या व्हिसा लॉटरीत भारतात जन्मलेली व्यक्ती सामान्यतः पात्रच नसते. तेव्हा लॉटरी लागल्याचे पत्र आले तर ते फसवणुकीचे समजावे.

दोन्ही वाटा पुढे एकाच रांगेला येऊन मिळतात. मर्यादित व्हिसांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षात साधारणपणे शेकडा ७ पेक्षा अधिक देऊ नयेत, असा नियम आहे. हा आकडा २५,६२० इतका होतो. देश लहान असो की मोठा, मर्यादा एकच. त्यामुळे ज्या देशातून अर्ज थोडे, तेथील माणूस लवकर सुटतो. भारतासारख्या देशातील माणूस तिष्ठत राहतो. कामाच्या दुसऱ्या वर्गाचा हिशेब करून पाहा. या वर्गाला एकूण जागांच्या शेकडा २८.६, म्हणजे ४०,०४० जागा. त्यांचे शेकडा ७ म्हणजे सुमारे २,८००. त्यातच अर्जदाराची पत्नी आणि मुले मोजायची. इतर देशांच्या न वापरलेल्या जागा कधी पुढे सरकतात, पण गर्दीच्या मानाने ती भर थोडी.

येथे देश ठरतो तो जन्मावरून. पासपोर्टावरून ठरत नाही. गोव्यातील पुष्कळांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे. परंतु भारतात जन्मलेला मनुष्य पोर्तुगालचा पासपोर्ट दाखवून भारताच्या रांगेतून सुटत नाही. मात्र पती-पत्नींपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, तर दोघांना त्या दुसऱ्या देशाच्या रांगेचा लाभ घेता येतो.

रांगेतील आपला क्रमांक म्हणजे 'प्रायॉरिटी डेट'. नात्याच्या वाटेत, नातलगाने भरलेला अर्ज, ज्याला आय-१३० म्हणतात, तो दाखल झाला तो दिवस. मजूर खात्याच्या दाखल्याच्या वाटेत, त्या दाखल्यासाठी अर्ज दाखल झाला तो दिवस. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा एक पत्रक काढते आणि कोणत्या वर्गाची रांग कोठवर आली हे त्यात सांगते. २०२५ च्या पत्रकांत भारतातील भावंडांच्या वर्गाची तारीख २००६ सालातील होती, आणि कामाच्या दुसऱ्या वर्गाची २०१२–१३ सालातील. ही तारीख पुढे सरकते, थांबते, आणि कधी कधी मागेही जाते. म्हणून 'आता दोन वर्षांत नंबर लागेल' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

क्रमांक आल्यावर पुढील काम तीन टप्प्यांनी होते. मंजूर अर्ज नॅशनल व्हिसा सेंटर या कचेरीत असतो. तेथे शुल्क भरून डीएस-२६० हा अर्ज व दाखले सादर करायचे. बोलावणाऱ्या नातलगाने आय-८६४ हे हमीपत्र द्यायचे. त्याचे उत्पन्न सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या सामान्यतः शेकडा १२५ तरी असावे लागते, आणि कमी पडल्यास दुसरा हमीदार उभा करता येतो. हे हमीपत्र शोभेचे नाही. ते कायद्याने बांधणारे आहे. त्यानंतर नेमलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी व लसीकरण, आणि शेवटी मुलाखत. भारतातील बहुतेक इमिग्रंट व्हिसांच्या मुलाखती मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटात होतात. अर्जदार आधीच अमेरिकेत नोकरीवर असेल, तर त्याला बहुधा तेथेच राहून दर्जा बदलून घेता येतो.

आपल्याकडचे गाडे अडते ते दाखल्यांपाशी. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १९७० पासून अमलात आला. त्यापूर्वी जन्मलेल्यांची नोंद कित्येकदा नसतेच. तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला उपयोगी पडतो. त्यानंतरचा जन्म असून नोंद नसेल, तर नोंद नसल्याचा सरकारी दाखला आणि त्याला जोडून दुसरा पुरावा लागतो. नोंदीत 'मुलगा' एवढेच लिहिलेले, नावच नाही. आईचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर. पाळण्यातले नाव एक आणि शाळेतले दुसरे, असे घोटाळे आपल्या घरांत अगदी साधे. ते मुलाखतीच्या आदल्या महिन्यात सुटत नाहीत. मराठी दाखल्याला इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडावे. आणि काही झाले तरी खोटा कागद जोडू नये. महत्त्वाच्या बाबतीत खोटेपणा सिद्ध झाला तर तो मनुष्य कायमचा अपात्र ठरू शकतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट, मुलांच्या वयाची. २००६ साली बहिणीने भावासाठी अर्ज केला आणि २०२५ साली क्रमांक आला, असे धरा. भावाचा मुलगा त्या वेळी पाच वर्षांचा होता. आज चोवीस वर्षांचा आहे. एकवीसच्या आतलेच मूल आईबापांबरोबर जाऊ शकते. परंतु २००२ च्या एका कायद्याने, अर्ज मंजुरीविना जितका काळ कचेरीत पडून राहिला, तितका काळ वयातून वजा होतो. अर्ज मंजूर होण्यास चार वर्षे लागली असतील, तर चोवीसातून चार वजा जाऊन वय वीस ठरते आणि मुलगा जाऊ शकतो. दोनच वर्षे लागली असतील, तर वय बावीस ठरते आणि तो मागे राहतो. म्हणजे ज्या कचेरीच्या दिरंगाईला आपण बोल लावला, तीच येथे मुलाला तारते! शिवाय क्रमांक आल्यापासून एका वर्षात पुढचे पाऊल उचलले पाहिजे; आणि त्या मुलाचे लग्न झालेले असता कामा नये.

लग्नाचा हा नियम आपल्या समाजात विशेष घातक ठरतो. कायमच्या रहिवाशाच्या अविवाहित मुलीसाठी वर्ग आहे, विवाहित मुलीसाठी नाही. पित्याने नागरिकत्व घेण्यापूर्वी मुलीचे लग्न उरकले, तर वर्षानुवर्षांची रांग एका मुहूर्तावर संपते. तसेच अर्ज करणारा नातलग वारला, तर तो अर्ज सामान्यतः रद्द होतो. दयाबुद्धीने तो पुन्हा चालू करण्याचा अधिकार सरकारला आहे, पण तो हक्क म्हणून मागता येत नाही.

मग सामान्य कुटुंबाने करावे काय? अर्ज केला त्या दिवशीची पोच जपून ठेवावी. पत्ता बदलल्यास कळवावा. मुलांची वये आणि मंजुरीची तारीख एका वहीत लिहावी. सरकारी पत्रक स्वतः वाचावे, आणि गुंतागुंत असेल तर तेथील परवानाधारक वकिलाचा सल्ला घ्यावा. व्हिसा हाती पडेपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नये व राहते घर विकू नये. आईवडिलांनी हेही जाणावे की ग्रीन कार्ड हे नातवंडांना भेटण्याचे तिकीट नाही. ते घेऊन वर्षाचा बहुतेक काळ इकडेच राहिल्यास वास्तव्य सोडल्याचा आक्षेप येतो. नुसत्या भेटीसाठी पाहुण्याचा व्हिसा पुरे.

वीस वर्षांच्या रांगेत माणूस उभा असतो तेव्हा त्याचे घर थांबत नाही. मुले वाढतात, आईबाप थकतात, इकडे नोकरीत बढती मिळते, आणि अर्ज करताना जी निकड होती ती क्रमांक येईपर्यंत कदाचित उरतही नाही. म्हणून क्रमांक लागला की गेलेच पाहिजे, असे समजू नये. जायचे की नाही, कोण जाणार आणि मागे कोण राहणार, याचा विचार सर्वांनी एकत्र बसून, मुलांनाही विचारून, पत्र येण्याच्या पुष्कळ आधी करावा. कायदा व्हिसा देतो किंवा नाकारतो. घराचा निर्णय मात्र घरानेच करायचा असतो.