एकतर्फी

१९९४ च्या जूनमध्ये मी बारावीला गणितात गेलो. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायला म्हणून घरातून निघायचो आणि एका मित्राच्या माडीवर जाऊन बसायचो. तिथे भाड्याने आणलेला व्हीसीआर असायचा. अशाच एका दुपारी ‘कभी हां कभी ना’ पाहिला. पडद्यावरचा मुलगाही नापास झाला होता. त्यानं खोटी गुणपत्रिका करून घेतली होती, घरात आनंदीआनंद चालला होता आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी मित्राला म्हटलं, जरा थांबव, पाणी पिऊन येतो. पाणी काही प्यायचं नव्हतं.

तेव्हापासून हा पिक्चर माझ्या मानगुटीवर बसला तो उतरलेला नाही. कितीदा पाहिला याचा हिशेब ठेवायचं कधीच सोडून दिलं. पुढे त्याच्याबद्दल मिळेल ते वाचायची सवय लागली. एकदा श्रेयनामावली थांबवून थांबवून सगळी नावं वहीत उतरवून घेतली. ती वही हा या लेखाचा खरा आधार.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहेच. गोव्यातला सुनील, त्याचा बँड, बँडमधली ॲना. सुनीलचं ॲनावर प्रेम, ॲनाचं ख्रिसवर. सुनील खोटं बोलून दोघांत बिब्बा घालतो, पकडला जातो, बँडमधून हाकलला जातो. पुढे बरंच काही होऊन ॲनाचं लग्न चक्क सुनीलशीच ठरतं आणि तोच ते मोडून तिला ख्रिसच्या हवाली करतो. शाहरुख खान, सुचित्रा कृष्णमूर्ती, दीपक तिजोरी. बँडमधल्या पोरांत आशुतोष गोवारीकर.

वहीतली नावं मात्र वेगळीच गोष्ट सांगतात. दिग्दर्शक कुंदन शाह. छायालेखन वीरेंद्र सैनी. संकलन रेणू सलुजा. फादर ब्रगान्झा झालेले नसीरुद्दीन शाह, ॲनाचे वडील सतीश शाह, सुनीलची आई रीटा भादुरी. ही सगळी माणसं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली. म्हणजे वरवर पाहता मुंबईचा स्टार घेऊन गोव्यात काढलेला हा पिक्चर मुळात आपल्या लॉ कॉलेज रोडवरचा आहे. सुनीलचे वडील म्हणजे अंजन श्रीवास्तव. कुंदन शाहांच्याच ‘वागळे की दुनिया’तले वागळे जणू बदली होऊन गोव्याला गेले. त्या मालिकेच्या एका भागात वागळेंना मोटारीची धडक देणारा तरुणही शाहरुखच होता.

कुंदन शाहांनी ‘जाने भी दो यारों’ केला १९८३ मध्ये. पुढचा चित्रपट पडद्यावर यायला ११ वर्षं गेली, मधला काळ ‘नुक्कड’ आणि ‘वागळे’नं भरून काढला. पहिल्या चित्रपटातल्या दोन्ही नायकांच्या अंगावर शेवटी कैद्यांचे कपडे येतात. दुसऱ्यातला नायक परीक्षेत नापास आणि प्रेमातही नापास. हरलेल्या माणसाकडे कीव न करता पाहणं हा या दिग्दर्शकाचा खरा गुण होता, असं माझं मत. हिंदी सिनेमात तो फार थोड्यांकडे आहे.

आता तारखा. याच मला सर्वांत जास्त बोलक्या वाटतात. १९९३ च्या दिवाळीत ‘बाजीगर’ आला. २४ डिसेंबरला ‘डर’. २५ फेब्रुवारी १९९४ ला ‘कभी हां कभी ना’. २२ एप्रिलला ‘अंजाम’. ‘बाजीगर’ बाजूला ठेवू, तिथे प्रेम हे सुडाचं हत्यार आहे. उरलेल्या तिन्हींत मुद्दा एकच: शाहरुखला एक मुलगी नाही म्हणते. चार महिन्यांत एका नटाला तीनदा नकार. ‘डर’मध्ये तो तिच्या नवऱ्याच्या जिवावर उठतो. ‘अंजाम’मध्ये तिचा सगळा संसार धुळीला मिळवतो. आणि मधल्या पिक्चरमध्ये तिच्या लग्नाला जाऊन चर्चमध्ये उभा राहतो. गंमत म्हणजे ‘डर’मध्ये नाही म्हणणारी जुही चावला होती, आणि ‘कभी हां कभी ना’च्या अगदी शेवटी सुनीलला रस्त्यात भेटते तीही जुहीच.

टाळ्या कुणाला पडल्या? ‘डर’मधल्या अडखळत नाव घेणाऱ्या राहुलला. सुनीलच्या पिक्चरला आधी वितरकच मिळेना. शाहरुखला एकूण २५ हजार रुपये मानधन होतं आणि पहिल्या दिवशी मुंबईत तिकीटखिडकीवर बसून त्यानं स्वतः तिकिटं विकली, असं सुचित्रा कृष्णमूर्तींनी पुढे सांगितलं. फिल्मफेअरनं त्याच मोसमात त्याला ‘बाजीगर’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं, सुनीलसाठी समीक्षकांचा पुरस्कार दिला आणि पुढच्या वर्षी ‘अंजाम’साठी सर्वोत्कृष्ट खलनायक केलं. समीक्षकांचा पुरस्कार म्हणजे आपल्याकडे बहुतेकदा लोकांनी न पाहिल्याची पावती असते.

मराठी माणसाला या तारखांच्या मागे आणखी एक तारीख दिसते. मार्च १९९०, उल्हासनगर, दहावीची परीक्षा चालू असलेला वर्ग. नकार दिला म्हणून एका मुलीला तिथे जाळून मारलं. तिचं नाव मी लिहीत नाही, माझ्या वयाच्या वाचकांना ते विसरता आलेलं नाही. ‘एकतर्फी प्रेमातून’ हे दोन शब्द आपल्या वर्तमानपत्रांच्या गुन्हेवार्तेत असे चिकटून बसले की त्यांच्यापुढे ‘हल्ला’, ‘ॲसिड’, ‘खून’ यांपैकीच काहीतरी येणार हे आपण गृहीत धरायला लागलो. वास्तविक एकतर्फी प्रेम आपल्यापैकी निम्म्या लोकांनी केलेलं असतं. वाचनालयात, एसटीच्या थांब्यावर, गणपतीच्या आरतीत. कुणाला न कळता ते विरूनही गेलेलं असतं. त्याला मराठीत स्वतंत्र शब्द नाही. एक होता तो पोलीस स्टेशनात जमा झाला.

माझ्या डोक्यात ‘कभी हां कभी ना’ हा त्या जप्त शब्दाचा जामीन होता. गेल्या दिवाळीत भाचीनं तोही रद्द करायला घेतला. ती पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मोठ्या हौसेनं तिला पिक्चर दाखवायला बसलो. मध्यंतरापर्यंत ती गप्प होती, मग म्हणाली, “मामा, हा तुमचा हीरो चालू आहे. मुलीनं सरळ सांगितलंय तिला दुसरा आवडतो, तरी हा मागे लागलाय. वर खोटं बोलून त्यांचं मोडायला बघतोय. यात गोड काय आहे?”

मी नेहमीचं उत्तर दिलं, की अगं, तो लहान आहे, भाबडा आहे. तिनं सांगितलं, भाबडी माणसं खोट्या मार्कशीट करून घेत नाहीत. मला राग आला, मुख्यतः मार्कशीटच्या उल्लेखाचा. त्या रात्री आमचा अबोला झाला. दुसऱ्या दिवशी फराळाला बसताना तीच म्हणाली, “चला, उरलेला बघू.”

उरलेला बघताना मला पहिल्यांदा जाणवलं, की ती म्हणते तेच पटकथाही म्हणते आहे. सुनीलचं खोटं हा विनोदाचा मसाला नाही, कणा आहे. ते उघडं पडतं तेव्हा दिग्दर्शक त्याला सवलत देत नाही. ॲना बोलणं टाकते, मित्र दार लावतात आणि आपल्यालाही त्याच्या बाजूनं उभं राहता येत नाही. खोट्या गुणपत्रिकेचा प्रसंग नंतर येतो तो उगाच नव्हे. या खेपेला कुणी पकडलेलं नसताना तो स्वतःहून खरं सांगतो. पोरगं वयात आलं ते तिथे. प्रेमात पडून कुणी मोठं होत नसतं, आणि बहुतेक तरुणपटांना हे कळत नाही.

मग ती चर्चमधली अंगठी. लग्न लागतंय, ऐन वेळी अंगठी निसटून पडते आणि सगळे खाली वाकून शोधायला लागतात. ती दिसते फक्त सुनीलला. तो काही क्षण गप्प राहतो. त्या क्षणांत आधीचा सगळा लबाड सुनील जिवंत आहे. त्याला माहीत आहे की अंगठी सापडली नाही म्हणून काही लग्न थांबणार नाही, तरीही तो थांबतो. थोर त्यागाचा प्रसंग शेवटच्या घटकेला असा मिश्किल, हावरा करून टाकणं ही लेखकाची करामत आहे. ‘डर’चा राहुल इथे सुरा काढतो. सुनील फक्त जरा उशीर करतो.

भाची म्हणाली, “हां, हे चांगलंय.” मी एवढ्यावर समाधान मानलं.

गाण्यांकडेही मी कधी नीट पाहिलं नव्हतं. जतिन-ललित तेव्हा नवे, ‘जो जीता वही सिकंदर’नं नाव झालेलं. पण शब्द मजरूह सुलतानपुरींचे. जन्म १९१९ चा, म्हणजे या पिक्चरच्या वेळी वय चौऱ्याहत्तर. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले गीतकार, आणि तो पुरस्कारही १९९३ चाच. मजरूहांचा पहिला चित्रपट म्हणजे १९४६ चा ‘शाहजहान’. त्यात नौशादच्या चालीवर कुंदनलाल सैगलनं गायलेलं, आता जगून करायचं काय असं विचारणारं तुटल्या काळजाचं गाणं त्यांनी लिहिलं. तोच सैगल, ज्यानं १९३५ मध्ये ‘देवदास’ होऊन हिंदी सिनेमाला झुरायला आणि बाटली धरायला शिकवलं. सैगलच्या तोंडी निराशेची घटना लिहिणाऱ्या माणसानंच ४८ वर्षांनी सुनीलला गाणी दिली. या गाण्यांत झुरणं नाही. रुसवा आहे, फुशारकी आहे, एखादी इच्छा आहे आणि ती पुरी होणार नाही याची अर्धवट खात्रीही आहे. एका आयुष्यात एकाच लेखणीनं प्रेमभंगाच्या या दोन्ही टोकांना जाऊन यावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि आता त्या वहीतलं मी जाड रेघ ओढलेलं नाव. पटकथा कुंदन शाह यांच्याबरोबर लिहिली पंकज अडवाणी यांनी.

नेटवर हे नाव टाका, बिलियर्ड्सचा जगज्जेता समोर येतो. त्याला ढकलून पुढे जावं लागतं. हे पंकज अडवाणीही फिल्म इन्स्टिट्यूटचेच. सुनीलची पटकथा लिहिली तेव्हा तिशीच्या आत होते, म्हणजे सुनीलपेक्षा फार मोठे नाहीत. कुंदन शाह तेव्हा पंचेचाळिशीत. माझा कयास असा, की या पिक्चरमधली हरलेल्याबद्दलची माया कुंदन शाहांची आहे आणि लबाडीची नेमकी जाण अडवाणींची. पुरावा म्हणून त्यांचे पुढचे चित्रपट पाहावेत. ‘उर्फ प्रोफेसर’मध्ये मनोज पाहवा, शर्मन जोशी, अंतरा माळी. भाडोत्री मारेकरी, चोरीची गाडी, लॉटरीचं तिकीट आणि ज्याची त्याची ठकबाजी. सेन्सॉरशी तो जमवून घेऊ शकला नाही आणि चित्रपटगृहात लागलाच नाही. वेड्या चाहत्यांनी तो चोरट्या प्रतींवर पाहिला, मीही त्यातलाच. २००९ मध्ये ‘संकट सिटी’ आला. के. के. मेनन, अनुपम खेर आणि आपले दिलीप प्रभावळकर. तिथेही पैशाची एक बॅग आणि तिच्यामागे लागलेली खोटारडी, घाबरट, तरीही आवडणारी माणसं. ती पाहिली की चर्चमध्ये अंगठी दिसूनही गप्प राहिलेला सुनील कुठल्या घराण्यातला ते कळतं. ‘संकट सिटी’ आला तसा गेला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१० मध्ये, हृदयविकाराच्या झटक्यानं अडवाणी वारले. पंचेचाळीस वर्षांचे होते.

कुंदन शाह २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. रेणू सलुजा २००० मध्येच गेल्या होत्या, मजरूहही त्याच साली. रीटा भादुरी २०१८ मध्ये. सतीश शाह परवा परवा, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. शाहरुखच्या कंपनीनं या पिक्चरचे हक्क मागेच विकत घेतलेत, त्यामुळे प्रत सांभाळली जाईल. पटकथेचं मात्र असं कुणी काही घेतल्याचं दिसत नाही. ‘जाने भी दो यारों’वर अख्खं पुस्तक निघालं. सुनीलवर निघालेलं नाही, आणि अडवाणींवर तर प्रश्नच नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. या चित्रपटाचं शूटिंग गोव्यात ज्यांनी पाहिलं, गर्दीत उभे राहिले, ज्यांच्या घरापुढे कॅमेरा लागला होता, त्यांनी आठवेल ते लिहून पाठवावं. १९९४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात कुठल्या टॉकीजला तो किती आठवडे चालला, त्या जाहिरातीचं कात्रण कुणाकडे असेल तर त्याची झेरॉक्सही चालेल. आणि ज्या मित्रांनी पंकज अडवाणींबरोबर इन्स्टिट्यूटमध्ये दिवस काढले, त्यांनी दोन ओळी जरूर लिहाव्यात. पत्रं या अंकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. उत्तर नक्की देईन, थोडा उशीर होईल.