स्विचची सेटिंग्ज कुठे राहतात?

सिस्कोच्या स्विचमध्ये केलेला बदल त्याच क्षणी लागू होतो, पण तो असतो रॅममध्ये, ‘रनिंग कॉन्फिग’ म्हणून. वीज गेली की तोही गेला. स्विच सुरू होताना वाचतो ती ‘स्टार्टअप कॉन्फिग’, आणि तिच्यात बदल उतरतो तो ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही कमांड दिल्यावरच. याचा उपयोगही करून घेता येतो. दूरच्या स्विचवर जोखमीचा बदल करण्याआधी ‘रीलोड इन 10’ देऊन ठेवा. बदलामुळे संपर्क तुटलाच, तर 10 मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या सेटिंग्जवर परततो.

मात्र स्विचच जळाला तर आतली प्रतही जाते, म्हणून बॅकअप दुसऱ्या मशीनवर हवा. टीएफटीपी सोपे, पण त्यात ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन. कॉन्फिगमध्ये पासवर्ड असतात, तेव्हा माझ्या मते एससीपीच वापरावे. आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट: व्हीटीपी सर्व्हर मोडमध्ये व्हीलॅनची यादी या फाइलमध्ये नसते, ती फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’मध्ये असते. तिची प्रत वेगळी काढली नसेल, तर नव्या स्विचवर पोर्टची सेटिंग्ज येतात, व्हीलॅन येत नाहीत.