काळ्या मातीवरचे खेळाचे मैदान

परभणी जिल्ह्यात मुलांसाठी खेळाची जागा आखायची, तर आधी काळ्या मातीशी गाठ पडते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. झोपाळ्याचे खांब तिच्या वरच्या थरातच रोवले, तर काही पावसाळ्यांत ते कलू लागतात. म्हणून खड्डा शक्यतो खालच्या मुरमापर्यंत न्यावा. माती फारच खोल असेल तर खड्डा रुंद घेऊन ती काढून टाकावी आणि मुरूम भरून धुम्मस करावा. मैदानावरही मुरमाचा थर लागतोच, नाहीतर पावसाळाभर चिखल. मात्र मुरमावर पडले की गुडघे सोलतात. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी निदान फूटभर वाळू हवी.

दुसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशीच्या बराच वर जातो. अशा वेळी उघड्यावरच्या पत्र्याच्या घसरगुंडीवर दुपारी हात टेकवत नाही. तरीही ती बहुतेक ठिकाणी भर उन्हातच उभी केलेली असते. ती लिंबाच्या सावलीत, उतरण उत्तरेकडे ठेवून बसवणे कठीण नाही. मातीच्या उंचवट्यावर टेकवली तर आणखी बरे. मूल शिडीऐवजी टेकाड चढून जाते आणि उंचावरून पडण्याची भीती कमी होते. सावलीसाठी लिंब, करंज, चिंच चांगली. बाभळीचे काटे नकोत. गुरे खात नाहीत म्हणून कुंपणाला लावली जाणारी कण्हेर विषारी असते आणि एरंडाच्या बियाही विषारीच, त्यामुळे ही झाडे मैदानापासून दूर बरी.

एवढे केले की जागा सुरक्षित होते, पण खेळ रंगेलच असे नाही. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते की, बांधून दिलेल्या मैदानांपेक्षा मुले बांधकामाच्या भंगारात जास्त रमतात. त्यांच्या कल्पनेतून 1943 साली कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे भंगाराचे मैदान उभे राहिले. फळ्या, विटा, दोऱ्या मुलांच्या हवाली केल्या आणि काय उभारायचे ते त्यांच्यावर सोडले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत व 1957 नंतर कोसबाडला बालशिक्षण परिसरातल्या साधनांवर उभे केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांची कुरणशाळा तर थेट कुरणातच भरे.

परभणीच्या शिवारात अशा साधनांची वाण नाही. ज्वारीचा वाळका धांडा घेऊन मुले त्याची साल सोलतात आणि आतल्या मऊ गाभ्याचे तुकडे करतात. सालीचीच टोकदार काडी गाभ्यात खुपसली की सांधा तयार. खिळा नाही, डिंक नाही, तरी जू, धुरा, चाके असलेली बैलगाडी होते. पोळ्याला चिखलाचे बैल होतात, त्याला काळ्या मातीइतकी चिवट माती दुसरी नाही. जी माती खांब कलवते, तीच इथे कामाला येते.

त्यामुळे मैदानाचा एक कोपरा मोकळ्या वस्तूंसाठी राखावा: मातीचा ढीग, गोणपाट, बांबूचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, जुने टायर. टायरला खालून भोके पाडावीत, नाहीतर पाणी साचून डास होतात. पाण्याचा खेळ हवा असेल तर उथळ पाटी पुरे. हौद नको, आणि पाटीजवळही मोठे माणूस हवेच. अंगणवाडीचे अंगण लहान असते; तिथे सामानाचा हा एक कोपरा आणि एक सावली एवढ्यावरही भागते. शाळेत जागा जास्त मिळते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत मैदान आणि खेळाचे साहित्य दोन्ही आहेत.

देखभालीचे मोठे काम जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी उरकावे. साखळीच्या झिजलेल्या कड्या बदलाव्यात, वाळू चाळून काचा-खडे काढावेत, खचलेल्या जागी मुरूम टाकावा आणि वाळवी लागलेले बांबू काढून नवे आणावेत.