दोर धरणारे हात

झाडावर चढलेल्या माणसाकडे सारा गाव मान उंचावून पाहतो. खाली दोर धरून उभा असतो त्याच्याकडे कोणी पाहत नाही. वास्तविक वरच्याचा जीव या खालच्याच्या मुठीत असतो. वाळलेल्या फांद्या काढणे, घरावर कललेले झाड तुकड्यातुकड्यांनी उतरवणे, या कामात नाव होते ते चढणाऱ्याचे. पण संध्याकाळी सगळे धडपणे घरी जातील की नाही, हे ठरते जमिनीवर.

पुण्याहून पौडकडे निघाले आणि पिरंगुट मागे टाकले की कासार आंबोली लागते. शेतीच्या या गावात आता बंगलेही उभे राहिले आहेत. पूर्वी बांधावर मोकळी वाढलेली झाडे आता कोणाच्या छपरावर, कोणाच्या विजेच्या तारेवर येतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले आणि त्याच्या वाऱ्याने पुणे जिल्ह्यातही झाडे कोसळली. तेव्हापासून माझ्या ओळखीच्या घरांतून पावसाळ्यापूर्वी झाडाकडे एकदा धास्तीने पाहिले जाते, आणि मग छाटणीवाल्यांना निरोप जातो.

अशी एक टोळी गेल्या उन्हाळ्यात मी या गावात दोन दिवस पाहिली. पन्नाशी ओलांडलेला मुकादम, वर चढणारा एक आणि खाली चौघे. त्यांतले दोघे नवे. एक अंगाने चांगला दणकट, दुसरा काटकुळा. "सर, जोर काय, रेड्यालाबी असतो," मुकादम म्हणाला, "मला ध्यान पाहिजे."

नव्या गड्याच्या हाती पहिल्या दिवशी दोर येत नाही. कटरला, म्हणजे यांत्रिक करवतीला, तर हात लावायचाच नाही. त्याने पडलेल्या फांद्या ओढायच्या, वाट मोकळी ठेवायची आणि पाला झाडायचा. हे काम हलके समजू नये. चढणाऱ्याचा दोर फांद्यांत गुंतलेला असताना कोणी ती फांदी हिसडली, तर वरच्याचा तोल जातो. सांगितल्यावाचून जो असा दोर आधी सोडवतो आणि मगच फांदीला हात घालतो, तो मुकादमाच्या मनात बसतो.

दुसरा धडा वजनाचा. एक फूट जाडीची, दहा फूट लांबीची ओली फांदी सुमारे दोनशे किलो भरते. ती नुसत्या हाताने पेलण्याचा विचारही करू नये. म्हणून दोर बुंध्याभोवती वेढून धरतात. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने मला हिशेब मांडून दाखवला: घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका वेढ्याने हाताला लागणारा ताण साडेसहा पटींनी कमी होतो, दोन वेढ्यांनी चाळीस पटींहून अधिक. मुकादमाला गुणांक ठाऊक नाही, पण वेढे किती घ्यायचे हे पक्के ठाऊक आहे. आणि एक सक्त ताकीद असते: वेढा बुंध्याला, हाताला कधीही नाही. हाताला गुंडाळलेला दोर फांदीबरोबर हातही ओढून नेतो.

तिसरा धडा हाकेचा. वरचा विचारतो, "सोडू का?" खालच्याने चहूकडे पाहून "मोकळं हाय" म्हणायचे. उत्तर आले नाही, तर ते 'नाही' समजायचे. पहिल्या दिवशी दणकट मुलाने मान न वळवताच "येऊ द्या" म्हटले. कोणाला काही झाले नाही. पण मुकादमाने दोर आपल्या हाती घेतला. चारचौघांत एक शब्द बोलला नाही. भाकरीच्या वेळी मात्र त्याला शेजारी बसवून म्हणाला, "वर तुझा बाप हाय असं समज, आन् मग हाक दे." त्या दिवशी पुन्हा दोर दिला नाही, पण रोजही कापला नाही.

दुसऱ्या दिवशी हाकेची पाळी काटकुळ्याची होती. फांदी कापून होत आली होती, तोच तो "थांबा!" म्हणून ओरडला. घरातली बाई वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर आली होती. मालकाच्या कपाळाला आठी पडली. मुकादम शांतपणे म्हणाला, "दिसात शंभरदा थांबू, सायेब."

खालच्याने झाडही समजून घ्यावे लागते. जाड फांदीला तीन काप देतात: बुंध्यापासून थोडे दूर खालून एक अर्धवट, त्याच्या जरा पुढे वरून दुसरा, आणि उरलेल्या खुंटाला तिसरा. पहिला काप चुकवला, तर पडणारी फांदी खोडाची साल सोलून नेते. तिसरा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर द्यायचा. अॅलेक्स शिगो या अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञाने हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले की, झाडाची जखम माणसासारखी भरत नाही. झाड तिला आतून भिंत घालून कोंडते. ते कडे कापले, तर ही भिंतच दुबळी होते. कोणता काप चालू आहे हे कळणाऱ्यालाच दोर केव्हा ताणावा आणि केव्हा ढिला सोडावा हे कळते.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे या लोकांना बोलावणाऱ्यांविषयी. आपण भाव करतो, घाई करतो आणि कामाच्या मधोमध खाली येऊन उभे राहतो. झाड तोडायचे असेल तर परवानगी आपण काढायची असते. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात आंबा, फणस, चिंच यांची नावे आहेत. पण ती खटपट आपण टोळीवर ढकलतो. सर्वांत कमी पैसे सांगणाऱ्याला काम देतो तेव्हा प्रत्यक्षात काय कमी होते? खालचा एक माणूस कमी होतो, किंवा नव्याला शिकवण्याचे दोन दिवस कमी होतात. पहिल्याच दिवशी त्याच्या हाती दोर येतो, आणि त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी मुलगा असतो.

म्हणून पुढच्या वेळी छाटणीवाले दारी आले की, एवढेच विचारावे: दोर कोण धरणार, आणि त्याला किती दिवस शिकवले आहे? समाधानकारक उत्तर देणारा मुकादम चार पैसे जास्त मागेल. ते घासाघीस न करता द्यावेत.