करमुक्त व्याजही दाखवाच

मालेगावचे यंत्रमागधारक उत्पन्न अंदाजित पद्धतीने दाखवत असतील, तर बहुधा 'सुगम' म्हणजे आयटीआर-४ भरतात. त्यात हमखास सुटते ते ३१ मार्चला पीपीएफच्या पासबुकात जमा झालेले व्याज. 'कर नाही, मग दाखवायचे कशाला?' हा समज सोडा. ते करमुक्त उत्पन्नात, १९६१च्या कायद्याचे कलम १०(११) निवडून भरावे. 'इतर उत्पन्ना'त गेले तर विनाकारण कर बसतो. टपाल बचत खात्याचे व्याज एकट्याच्या नावावर ३,५०० रुपयांपर्यंतच करमुक्त.

आपल्याकडे या व्याजावर राज्याचा वेगळा आयकर नाही. कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबाला मात्र दुसऱ्या राज्याच्या म्युनिसिपल बाँडचे, केंद्रीय करातून सुटलेले व्याज राज्याच्या विवरणात मिळवावे लागते.

विवरण भरण्याआधी पासबुकात नोंदी करून घ्या.